चालत जाण्याचा माझा हट्ट

ताई, नमस्कार. मी ठणठणीत आहे, आईला तसंच सांग.

वसतिगृहापासून वर्ग दोन किलोमीटर लांब आहे. आवारात बस फिरते, सायकलीही मिळतात. पण पहिल्याच सभेत मी गरजलो, "धडधाकट माणसानं चालावं!" टाळ्या कडाडल्या. टाळ्या वाजवणारे आता बसनं जातात आणि मी दिल्या शब्दापायी तंगडतोड करतो.

माझा खोलीसोबती सायकलवरून आधी पोचून सरांसमोरची खुर्ची पटकावतो. मी धापा टाकत शिरलो की म्हणतो, "या नेते, दमलात?" सर एकच मदतनीस निवडणार आहेत आणि हल्ली त्यालाच नावानं हाक मारतात. माझा जळफळाट होतो गं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

उद्या सायकल घेतोय. लोक हसतील, हसू देत. मला त्याच्या आधी पोचायचंय.

तुझा धाकटा