यादीत नाव आहे, पण फोन येणार नाही

४ नोव्हें., मंगळ.
ह्यांना डायलिसिसला बसवून कोऑर्डिनेटर मॅडमकडे गेले. किडनीच्या यादीत नाव लावून दीड वर्ष झालं, नंबर कुठवर आलाय एवढंच विचारायचं होतं. मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं. "पेशंट सध्या इनअ‍ॅक्टिव्ह आहे ना."
म्हणजे नाव काढलं?
"नाव आहे. पण किडनी आली तरी तुम्हाला फोन जाणार नाही."
ऑगस्टपासून असं आहे म्हणे. आणि मी तीन महिने फोन घेऊन बाथरूममध्येसुद्धा...
ह्यांना बोलले नाही.

५ नोव्हें., बुध.
ऑफिसात एकच पत्र दोनदा टाइप केलं. घरी फाइल काढली. हार्टचा रिपोर्ट जुना झालाय, तेच कारण असणार. मग कळवलं का नाही कुणी? मधले महिने नंबरात मोजतात की वाया? शीवच्या नणंदेला फोन केला. "वहिनी, इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे कॅन्सलच गं." तसं नसावं.

७ नोव्हें., शुक्र.
पुन्हा मॅडमकडे. रिपोर्टचा काही संबंध नाही. "मिस्टरांनीच लिहून दिलंय, सध्या नको म्हणून." कागद दाखवला. अक्षर ह्यांचंच.
परत अ‍ॅक्टिव्ह व्हायला ह्यांचाच अर्ज, हार्टची नवी तपासणी, डॉक्टरांची सही. मधल्या महिन्यांचं दोनदा विचारलं, नीट कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.
टॅक्सीत हे डोळे मिटून. हलवून जागं करावं आणि भांडावं असं वाटत होतं. परळ ते भोईवाडा, तेवढ्यात काय भांडणार.

८ शनि.
विचारलं. आधी "कसलं पत्र?" मग कप खाली ठेवला. चहा गार झाला.
"जुलैत बोलावलं होतं, आठवतंय? रक्त जुळवायला. दिवसभर उपाशी बसलो आणि किडनी दुसऱ्याला गेली. घरी येताना तू जिन्यात बसलीस ती उठेचनास. मला ते परत बघायचं नव्हतं."
"अहो, मी नुसती दमले होते!"
"मीपण दमलोय गं."
रागवायचं होतं. कुणावर, तेच कळेना.

१० सोम.
अर्ज आणून ठेवला होता. सकाळी ह्यांनी आपणहून चष्मा लावला, पेन मागितलं. नाव, वय, पत्ता सगळं सावकाश भरलं. सहीपाशी थांबले.
"तुला काय वाटतं? खरं सांग."
दीड वर्ष माझं उत्तर ठरलेलं होतं, किडनी मिळायलाच हवी. आज आधी तो जिना आठवला. ह्यांनी पेनाचं टोपण लावलं नाही. तसेच बघत बसले माझ्याकडे.