बाजाची पेटी कुणी चोरली

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणारा आता बहुधा मी एकटाच उरलो असेन. वर्गातली बाकीची मुलं, म्हणजे आता म्हातारेच, तुमचं नाव निघालं की हात जोडतात. मी जोडत नाही. वर नमस्कारही लिहिलेला नाही, पाहिलंत का?

कविता तुम्ही दिलीत, ते नाकारत नाही. तारापूरच्या शाळेत, बाहेर सुरूची झाडं सळसळत असायची, अणुवीज केंद्राच्या बांधकामाचे ट्रक धुरळा उडवत जायचे आणि तुम्ही डोळे मिटून चालीवर म्हणायचात. मला वाटायचं, समुद्रसुद्धा थांबून ऐकतोय. पण त्याच चौसष्ट-पासष्टच्या दिवसांत वाचनालयात ती पातळ पुस्तकांची मालिका येऊ लागली. एका लहानशा गावातल्या चोऱ्यांच्या गोष्टी. खून कधीच नाही. नवरदेवाचे जोडे जायचे, देवळातली घंटा जायची. शोध लावायची खानावळवाली मावशी, तोही भाजी परतता परतता, आणि दुपारची झोप न सोडणारा फौजदार शेवटी जांभई देत चोराला धरायला यायचा.

मी ती आयला वाचून दाखवायचो. आय मासळी विकणारी, अक्षरओळख नाही. ओट्यावर बोंबील निवडता निवडता ती ऐकायची आणि मावशी इथेच पालघरला राहते असं धरून बोलायची. "तिला एक पापलेट धाडलं पायजे रं. सारखी भाजीच करते बिचारी." फौजदारावर तिचा भारी राग. "झोपलाय बघ मेला! उठव त्याला!"

भजनी मंडळाची बाजाची पेटी चोरीला जाते, ते पुस्तक चालू होतं. मी ते वर्गात धड्याच्या पुस्तकाआड वाचत बसलोय. तुम्ही येता, हातातून काढून घेता, शेवटची पानं चाळता आणि सगळ्या वर्गाला सांगता, "पेटी तबलजीनं चोरली. झालं? शेवट कळल्यावर ज्यात राम उरत नाही, ते वाङ्मय नव्हे. आता कविता काढा."

पुस्तक परत मिळालं, पण चोर कोण ते आयला मी सांगितलं नाही. तोंड पाडून वाचत राहिलो. शेवटाकडे सगळं गाव तबलजीवर तुटून पडतं, आणि अगदी शेवटच्या पानावर मावशी पदराला हात पुसत म्हणते, "त्याला सोडा." चोर दुसराच! तुम्ही ते पान उलटलंच नव्हतं, गुरुजी. मग मी वर्गातलं सगळं सांगितलं, तेव्हा आय एवढी हसली की निवडलेले बोंबील पुन्हा पाटीत मिसळले. शेवट कळूनही तिनं ते प्रकरण माझ्याकडून परत वाचून घेतलं. तुमच्याच कसोटीला ते पुस्तक उतरलं होतं, पण तुम्हाला सांगणार कोण?

तिनंच सांगितलं. बोईसरच्या बाजारात तुम्ही तिच्या पाटीपुढे उभे होतात. "गुरुजी, तुमचा तबलजी चोर नाय हो! शेवटचं पान वाचाया पायजे होतं!" आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. तुमचे कान लाल झाले. "बाई," तुम्ही म्हणालात, "तुम्ही बोंबील मोजा. पुस्तकातलं आम्हाला कळतं." लोक पुन्हा हसले, या वेळी तिला. आयनं बोंबील मोजले, नेहमीसारखे वर दोन घातले आणि मान खालीच ठेवली. तुम्ही ते वरचे दोनही घेऊन गेलात.

त्या संध्याकाळी मी पुढचं पुस्तक उघडलं. ती म्हणाली, "तुझा अभ्यास कर पोरा. आमाला काय कळतंय त्यातलं." तिनं परत कधी ऐकलं नाही. मी नोकरीला लागल्यावर मालिकेतली आणखी पुस्तकं आणली, तेव्हा तिला झोप यायची. एकच वाक्य बोललात तुम्ही, आणि आमच्या ओट्यावरचं ते अख्खं गाव उठून गेलं.

हे पाकिटात घालणार नाही. तुम्हाला ते पोचणार नाही म्हणून नव्हे; तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचणार नाही म्हणून. आणि इथवर आलाच असाल तर एक गोष्ट. तुम्ही शिकवलेल्या सगळ्या कविता मला अजून अखेरच्या ओळीपर्यंत पाठ आहेत. पेटी कुणी चोरली, ते मात्र आठवत नाही. पुस्तक कुठे मिळत नाही. तबलजी नव्हता, एवढं पक्कं. आयला माहीत होतं. तिला आता विचारता येत नाही, आणि तुम्हाला मी विचारणार नाही.