हजार शब्द झाले की विचारायचं

४ ऑक्टोबर १९८२, सकाळी ७
आजपासून रोज दहा इंग्रजी शब्द. अर्थ, उच्चार, वाक्यात उपयोग. हजार झाले की वैजयंतीला लग्नाचं विचारायचं. इंग्रजीत. मराठीत दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी करून परत आलो. असल्या गोष्टी इंग्रजीत कशा सुटसुटीत होतात. शंभर दिवसांचं काम. १२ जानेवारीला अख्ख्या बिल्डिंगला पेढे.

५ ऑक्टोबर
वैजयंती वरच्या मजल्यावर राहते. तुर्भ्याच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी डिसेंबरात तिचा इंटरव्ह्यू आहे. म्हणून रोज संध्याकाळी जिन्यात थांबून मला शब्द विचारते. आज ‘पंक्च्युअल’. उच्चार तीनदा म्हणवून घेतला. शिस्त हवी.

१९ ऑक्टोबर
एकशेसाठ शब्द व्हायला हवे होते. आईसमोर तोंडी परीक्षा दिली. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे पास झालो. मग स्वतः तपासलं. एकेचाळीस. पावसाळा संपल्यावर हवा बदलते, त्याचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो.

२ नोव्हेंबर
वाशीगावची शेवंताबाई मासे घेऊन आली. जिन्यात आम्हा दोघांना बघितलं. वैजयंती वर गेल्यावर मला म्हणाली की पोरगी कवाची उभी हाय, इचारून टाक ना बाबा, तिला पोथी काय वाचून दाखवतोस! बाईला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. मी कोलंबी घेतली आणि विषय बदलला.

२१ नोव्हेंबर, रविवार
मोठा दिवस. वैजयंती गच्चीवर एकटीच दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या करत होती. मला बघून विचारलं, ‘हेझिटेट’ म्हणजे काय हो. मी सांगितलं, कचरणे, मागेपुढे पाहणे. वाक्यात सांगा म्हणाली. तीन वाक्यं सांगितली, त्यातलं एक भूतकाळी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, अजून काही सांगायचंय का तुम्हाला? मी त्या शब्दाचं नामही सांगितलं.
खाली येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. प्रभाव पडला यात शंका नाही.

६ डिसेंबर
समोरच्या विंगमधला सुभाष हल्ली आमच्या जिन्यात फार दिसतो. तुर्भ्यात फिटर आहे. येता-जाता वैजयंतीला हसवतो. आज मुद्दाम उभा राहून त्याचं इंग्रजी मोजलं. ‘टेन्शन’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ धरून एकूण अकरा शब्द. काळजीचं कारण नाही.

२० डिसेंबर
वैजयंतीला नोकरी लागली! तुमच्यामुळेच, असं तीच म्हणाली. जिभेवर आलं होतं. पण शब्द फक्त तीनशे बारा. अर्धवट तयारीनं विचारणं म्हणजे तिचा अपमान. मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवली आहे.

२ जानेवारी १९८३
हल्ली शब्द विचारायला येत नाही. नवी नोकरी, दमत असणार.

९ जानेवारी
आईकडून कळलं. काल सुभाष त्यांच्याकडे गेला आणि चहा पिता पिता, वडिलांच्या देखत, वैजयंती, माझ्याशी लग्न करशील का, असं विचारून मोकळा झाला. ती हो म्हणाली. कपातला चहासुद्धा संपला नव्हता म्हणे.
आईनं विचारलं, तू तिची नुसती शिकवणीच घेत होतास का रे? मी हो म्हणालो. जेवण गेलं नाही. छातीत खरोखरच दुखतं, लोक उगाच म्हणत नाहीत.

१० जानेवारी
दहा शब्द पाठ केले. दहाच्या दहा लक्षात राहिले. आता कशाला राहतात?

२३ जानेवारी
तिचे वडील आले. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी छापायची आहे, सुभाषच्या साहेबांना वाचता यावी म्हणून. बिल्डिंगमध्ये इंग्रजी म्हणजे तुम्हीच, असं म्हणाले. नाही म्हणायचे इतके शब्द येतात मला, एकही आठवला नाही.
चारदा लिहिली. वराच्या जागी एकदा माझंच नाव, श्यामसुंदर, लिहून गेलो. खोडलं.

३० जानेवारी
छापखान्यातून आलेलं पत्रिकेचं प्रूफ घेऊन वैजयंती स्वतः आली. ‘कॉर्डियली’ म्हणजे काय विचारलं. मनापासून, म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही खूप शिकवलंत, पण मला वाटायचं, एक दिवस शब्द बाजूला ठेवून काहीतरी बोलाल. दोन महिने जिन्यात उभी राहिले मी. मग आईला नमस्कार करून गेली.
प्रूफात एकही चूक नव्हती. तरी तासभर बघत बसलो होतो.

२० फेब्रुवारी
लग्न झालं. साहेबांनी पत्रिकेच्या इंग्रजीचं कौतुक केलं. सुभाषनं मला हाताला धरून पुढे नेलं आणि हेच ते, म्हणून ओळख करून दिली. चांगला माणूस आहे. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले. मी नुसता मान हलवत राहिलो. वैजयंती हिरव्या शालूत होती, माझ्याकडे बघून हसली, आणि मला तिथं उभं राहवेना.

२१ फेब्रुवारी, सकाळी
आई देवळात गेली होती. दार लावून ते वाक्य मराठीत मोठ्यानं म्हणून पाहिलं. माझ्याशी लग्न कराल का. एका दमात आलं. चार शब्द आहेत. चारही मला लहानपणापासून येतात.