खांब क्रमांक नऊवरच्या रेघा पुराच्या नसल्याबाबत

दिनांक : ३० मार्च २०२६

प्रति,
मा. सहायक अभियंता,
जुने छत दुरुस्ती काम,
नवाघाट रेल्वे स्थानक, सुरत.

विषय : फलाट क्र. १ वरील खांब क्र. ९ आहे त्या जागी ठेवणे व त्यावरील रेघांची चुकीची नोंद दुरुस्त करणे.

संदर्भ : १) पाहणी अहवाल, पान १४.
२) माझे दि. ९ व दि. १७ मार्चचे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

या विषयावर हा माझा तिसरा अर्ज. पहिल्या दोन अर्जांत खांब हलवू नये एवढेच लिहिले, कारण लिहिले नाही. कारण लिहायचे तर गुन्हा कबूल करावा लागतो. आज सकाळी त्या खांबावर खडूची फुली दिसली, म्हणून कबूल करते.

१. मी महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तेव्हाच्या स्टेशन मास्तरांच्या तोंडी परवानगीने गेली सहा वर्षे फलाटाच्या टोकाला, जुन्या छताखाली, रोज साडेचार ते सहा मुलांना शिकवते. मुले लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांची, बहुतेक खानदेशातली. छत गळते. पावसाळ्यात पाढे म्हणताना आम्ही तीन वेळा जागा बदलतो. त्यामुळे दुरुस्तीला माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करते.

२. अहवालाच्या पान १४ वर असे म्हटले आहे की, खांब क्र. ९ वर तापी नदीच्या पुराच्या सत्तावन्न पातळ्या कोरलेल्या आढळल्या. आकडे फूट-इंचांत असल्याने त्या इंग्रजी अमदानीतल्या असाव्यात. आणि शेजारची अक्षरे पूर मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांची असावीत. महोदय, त्या रेघा मी मारल्या आहेत. खिळ्याने. फूट-इंच मी वापरते, कारण मी तसेच शिकले. साल खांबावर लिहीत नाही, वहीत लिहिते.

३. त्या मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, आणि शेजारची अक्षरे त्यांच्या नावांची. पाहणी करणाऱ्या समितीने सर्वांत मोठा पूर म्हणून नोंदलेली, पाच फूट चार इंचांवरची रेघ म्हणजे योगराज. तो आता पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला आहे. शंका असल्यास रविवारी त्याला बोलावून खांबाला टेकवून बघता येईल. सर्वांत लहान पूर म्हणजे कुंदन, ती तेव्हा टाचा वर करून उभी होती. अर्धा इंच वजा करावा.

४. या पुरामुळे आपल्या कार्यालयाने तीन निर्णय घेतले. आमची बसायची जागा धोक्याची ठरवून तिथे दोरी बांधली. खांब क्र. ९ तीन फुटांच्या चौथऱ्यावर चढवायचे ठरले. आणि रेघा जपण्यासाठी त्याभोवती काच बसवायची. रेघा कोणी जपाव्यात याने मला एरवी बरे वाटले असते. पण खांब तीन फूट वर गेला, की जूनमध्ये परतलेले प्रत्येक मूल तीन फुटांनी खुजे ठरेल. शिवाय काचेतून पाठ टेकता येत नाही. कंत्राटदारांचे देखरेख करणारे विकासभाई यांना मी हे समजावले. ते म्हणाले, "माँजी, कागळ में पूर लिखा है तो पूर है, मैं क्या करूँ." त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

५. मूळ मुद्दा अजून लिहिलाच नाही, तो लिहिते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची माणसे भुसावळकडच्या गाडीने गावी जातात. त्या मुहूर्तावर तिकडे मुलींची लग्ने उरकली जातात. तेराव्या, चौदाव्या वर्षी. कायदा मला ठाऊक आहे. पोलिसांत गेले असते तर एखादे लग्न थांबलेही असते; पुढच्या वर्षी मात्र एकही मुलगी माझ्याकडे कोणी पाठवली नसती. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून मी रेघ सुरू केली. गाडीत चढण्याआधी मुलीने खांबाला टेकून उभे राहायचे, मी रेघ मारायची, आणि बापाने त्या रेघेवर हात ठेवून सांगायचे की जूनमध्ये दुसरी रेघ मारून घ्यायला हिला परत आणतो. मुलगेही मग रांगेत लागले, त्यांना नाही म्हणता आले नाही. अठ्ठावीस जोड्या आहेत, आणि एक रेघ एकटी आहे. एकूण सत्तावन्न. ती एकटी रेघ रंजनाची. तिचे वडील संदीप आजही गाडीला जाताना या खांबाला वळसा घालून पलीकडून जातात. बाकीच्या बापांनी ते पाहिलेले आहे. खांबाचे काम एवढेच.

६. यंदा अकरा मुली जाणार आहेत. आखाजी १९ एप्रिलला, गाडी १६ तारखेची, आणि चौथऱ्यासाठी खांब उतरवण्याचा दिवस म्हणून फलकावर १० तारीख लिहिली आहे. त्यांतली सोनाली तेरा वर्षांची, सातवीत, अपूर्णांकात वर्गात सर्वांत पुढे. तिचे वडील लोटू, पर्वत पाटियाजवळ लूमवर रात्रपाळी करतात. गावी स्थळ बघून ठेवले आहे, असे तिनेच मला पुस्तक आवरता आवरता सांगितले. जूनमध्ये तिला परत आणाल ना, असे मी लोटूंना विचारले. ते म्हणाले, "बाई, जबान मी खांबले दिन्ही से, तुमले नही. खांब गया, ते जबान बी गयी." म्हणजे वचन खांबाला दिलेले, मला नाही. हे ते हसत बोलले. मी त्यांना बारा वर्षे ओळखते, ते खोटे बोलताना हसत नाहीत.

७. तरी विनंती की :
(अ) पान १४ वरील पूर रद्द करावा. आखाजीच्या उन्हात तापीला पूर येत नाही, हे कोणीही सांगेल.
(आ) खांब क्र. ९ चे काम ३० जूननंतर, सर्वांत शेवटी घ्यावे, आणि तेव्हाही तो जमिनीवरच ठेवावा. काच नको.
(इ) १६ एप्रिलला गाडीआधी अर्धा तास दोरी सोडावी.
(ई) रेल्वेच्या मालमत्तेवर खिळा चालवल्याबद्दल कारवाई माझ्या एकटीवर करावी. बोलावणे जुलैत धाडल्यास बरे. जूनमध्ये मला खांबाजवळ हजर राहणे भाग आहे.

उत्तर टपालाने पाठवण्यात दिवस जातील. मी रोज साडेचारला दोरीच्या अलीकडे असते, तिथे कोणीही निरोप द्यावा.

आपली नम्र आणि कबुलीस बांधील,

(सही)
उषाबाई देवचंद सोनवणे
पर्वत पाटिया, सुरत

सोबत :
१) या अर्जाची गुजराती प्रत. जयश्री, इयत्ता आठवी, हिच्या अक्षरात. तिने दोन ठिकाणी माझी वाक्ये सुधारली आहेत, ती तशीच ठेवली.
२) रेघांची वही, सालवार, नक्कल.
३) खिळा.
४) लूमवरचा दोरा, एक. सोनालीची आजची उंची, चार फूट साडेसात इंच. खांब राहिला नाही तर एवढाच उरेल. लोटूंनी यावर हात ठेवायला नकार दिला आहे. अर्ज दप्तरी लावताना दोऱ्याला टाचणी मारू नये, गाठ पडू देऊ नये. जूनमध्ये मला तो परत लागेल.