लागलेलं जनावर

८ जानेवारी, गुरुवार

वनविभागाची परवानगी आली. साखऱ्याच्या शिवारातली रानडुकरं, महिनाअखेरपर्यंत. नावं दोन, माझं आणि प्रकाशचं. तिथला शेतकरी शेषराव स्वतः कागद घेऊन आमच्या तांड्यावर आला. त्याच्या हरभऱ्याची पार वाट लागली आहे. डुकरं खातात थोडं आणि लोळतात जास्त. म्हणाला, "गुरुजी, तुमी येऊन राहिलाव म्हनून गावानं सह्या केल्या. दुसरा कोनी बंदूकवाला आसता तर न्हाई केल्या आसत्या."

बरं वाटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून असं कुणी बोलत नाही.

प्रकाशला फोन केला. वारंगा फाट्यावर टायरचं दुकान आहे त्याचं. बंदूक धरायला मी शिकवलं, आता नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. मास्तरकीत एवढं एकच पोरगं माझ्या पुढं गेलं म्हणायचं.

९ जाने., शुक्र.

प्र. सोबत शिवार फिरलो. पायवाटा बघितल्या, बसायच्या जागा ठरवल्या. वडिलांचं सांगणं शेषरावसमोरच त्याला पुन्हा एकदा सांगितलं: तोंडावर मारायचं नाही. कूस दाखवून आडवं उभं राहिलं तरच, बरगडीत. नाहीतर जाऊ द्यायचं. आणि लागलेलं जनावर आपलं असतं, ते सापडेपर्यंत.

प्र. म्हणाला, "आता मटन थोडंच खायचंय गुरुजी. पंचनामा करून पुरायचंच हाय. मंग बरगडी काय न् मुंडकं काय."

हसण्यावारी नेलं. पण त्याच्या म्हणण्यातही काहीतरी आहे. खाण्यासाठी मारायचो तेव्हा मारण्याला एक शेवट होता. आता खड्डा आणि चुन्याची पिशवी.

११ जाने., रवि.

वाशीमला मेहुण्याच्या तेराव्याला. प्र. ला बजावलं होतं, मी येईपर्यंत थांब. थांबला नाही. संध्याकाळी त्याचा फोन. नांदेडचे दोघं पाहुणे सोबत नेले होते म्हणे, मोटार घेऊन.

"एक पाडलं, एक चुकलं."

"चुकलं का लागलं?"

"चुकलं म्हनलं ना गुरुजी."

मागून गाणी आणि हसणं ऐकू येत होतं. मी बरं म्हणालो.

१२ जाने., सोम.

दुपारी शिवारात गेलो. मोटारीची चाकं थेट शेषरावच्या हरभऱ्यात गेलेली. डुकरांनी सोडलेलं ह्यांनी तुडवलं. पुढे बांधाला रक्त. नुसतं रक्त नाही, लाळेच्या दोऱ्या आणि हाडाची कपची. बरगडीचं हाड तसलं नसतं. तोंडाला लागलंय.

माग काढत नाल्यापर्यंत गेलो. पुढे कपाशीत हरवला. अंधार पडेस्तोवर फिरलो, सापडलं नाही. प्र. ला फोन केला तर म्हणाला, "मरतंय ते आपोआप. तुमी काहून जीवाला लावून घेता."

खिल्लारे मॅडमना (वनरक्षक, हिंगोलीच्या) कळवायला पाहिजे. पंचनाम्यात त्यानं एक मारलं, एक चुकलं असंच लिहून दिलंय. कळवलं तर तो खोटा पडतो. उद्या अजून एकदा शोधतो, मग बघू.

१३ जाने., मंगळ.

शोधलं. नाही. कळवलंही नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत

व्हिडिओ फिरतोय. पाहुण्यांपैकीच कुणीतरी टाकला, वर गाणं लावून. मोटारीतून घेतलेला, धुरकट, सांजवेळेचा. डुक्कर थांबून मोटारीकडे तोंड करून बघतंय. आवाज येतो. जनावर जागेवर गोल फिरतं आणि पळतं. त्यावर हसणं. एक आवाज म्हणतो, "अजून पळायलंय बघ." तो प्र. चा आवाज नाही. हसण्यात मात्र तो आहे.

बायकांच्या ग्रुपवर आला तेव्हा रुक्मिणीनं तिळाचं ताट खाली ठेवून बघितला. सगळा. मग मला विचारलं, "तुमी बी तिकडं जाऊन आसंच करता का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. कधी विचारलं नव्हतं तिनं. मी नाही म्हणालो. तिनं बरं म्हटलं आणि ताट उचललं. तिला पटलं की नाही ते कळलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. लाडू गोड होता एवढं कळलं.

१५ जाने., गुरु.

सापडलं. म्हणजे मला नाही, लोकांना. साखऱ्याच्या खालच्या बंधाऱ्यावर दिवसाढवळ्या उभं आहे. शेषरावनं बोलावलं म्हणून गेलो.

खालचा जबडा लोंबतोय. पाण्यात तोंड घालतं, वर काढतं, सगळं पाणी खाली गळून जातं. पुन्हा घालतं. माणसं काठावर उभी होती, ते कुणाच्या अंगावर गेलं नाही. शेषरावनं घमेल्यात गुळाचं पाणी करून ठेवलं होतं. त्याच डुकरांना गेल्या आठवड्यात आईबहिणीवरून शिव्या घालत होता.

"गुरुजी, संपवा ह्येला. बघवत न्हाई."

परवानगी आहेच, तासाभरात बंदूक आणतो म्हणालो. गाडी चालू केली तोच मॅडमचा फोन. व्हिडिओवरून वर तक्रारी गेल्या, सकाळीच परवानगीला स्थगिती आली. "काका, आता कुणीच गोळी चालवायची नाही. तुम्ही तर नाहीच."

परत येऊन शेषरावला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. घमेलं थोडं पुढे सरकवलं.

१६ जाने., शुक्र.

ठाण्यात बंदूक जमा केली. परवानगीत नाव असलेल्या सगळ्यांची जमा होणार, चौकशी होईपर्यंत. जमादार माझ्या हाताखालून गेलेला, सातवीत नापास केला होता मी त्याला. बंदूक उघडून नळी बघितली, म्हणाला, "गुरुजी, तुमीबी त्याच्यातलेच का?" पावती दिली.

येताना नरसीला चहाला थांबलो. हॉटेलात व्हिडिओचाच विषय. गल्ल्यावरचा माणूस कुणाला तरी सांगत होता, "तांड्यावाल्यांचं कामच हे. मुक्या जनावराचा जीव घेनं." प्रकाश तांड्याचा नाही, पाहुणेही नाहीत. मोटारीत तांड्याचं एकही माणूस नव्हतं. सांगावं असं वाटलं. पण सांगायला लागलो तर पहिलं वाक्य 'मी बी शिकारीच हाव' असं आलं असतं. पैसे ठेवून उठलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशाच्याही घरात बंदूक आहे, मग तो काय बोलणार.

१७ जाने., शनि.

मॅडम तांड्यावर येऊन बसल्या. जुनं गाऱ्हाणं समजावून सांगावं तसं हळू सांगितलं. प्र. म्हणतो व्हिडिओ जुना, दुसरीकडचा. त्याचं डुक्कर चुकलं. म्हणजे बंधाऱ्यावरचं डुक्कर कुणाचंच नाही. कुणाचं नाही तर तो जखमी वन्यप्राणी, आणि त्याला बचाव पथकच लागतं. पथक दुसऱ्या जिल्ह्यात बिबट्यामागे आहे, कधी येईल सांगता येत नाही. "पण परवानगी चालू असताना, परवानगीतल्या माणसाच्या गोळीनं लागलं असं सिद्ध झालं, तर त्याच परवानगीत त्याला संपवायला साहेब सही करतील. विचारलंय मी."

"म्हणजे प्रकाशनं लागलं म्हणायचं."

"एवढा एकच शब्द, काका."

लगेच फाट्यावर गेलो. प्र. ट्रकच्या चाकाशी होता. चहा मागवला, स्टूल पुसून दिलं.

"लायसन जाईल माझं. वरून केस."

"जाईल."

"तुमी तर तिथं नव्हतेच गुरुजी. तुमी गप बसलाव तरी कोनी इचारत न्हाई." पाना खाली ठेवून म्हणाला, "एक डुक्कर हाय. रोज किती मरतेत."

"हे मरत नाही ना पण."

त्यानं हवेची नळी चाकाला लावली. आवाजात बोलता येईना. चहा प्यालो आणि आलो. राग यायला पाहिजे होता. रस्ताभर वाट बघितली रागाची.

१८ जाने., रवि.

बंधाऱ्यावर गर्दी. कुणीतरी काठावर नारळ फोडलाय, अगरबत्त्या लावल्यात. एक म्हातारी म्हणाली, देवाचा अवतार हाय, गावाचं पाप अंगावर घेऊन उभा हाय. पोरं मोबाईल धरून उभी. बसायला जागा नव्हती म्हणून मी लांब लिंबाखाली बसलो. जवळून जाणारे दोघं मला बघून बोलायचे थांबले.

डुक्कर वाळलंय. पाण्यात पोटापर्यंत उभं राहतं, बहुतेक जखमेवरच्या माश्यांमुळं. तोंड घालतं, काढतं.

१९ जाने., सोम.

जबाब दिला. हिंगोलीला, साहेबांसमोर. बारा तारखेला बांधावर रक्त पाहिलं. हाड पाहिलं. आदल्या संध्याकाळी प्रकाशनं फोनवर दुसरं डुक्कर चुकल्याचं सांगितलं. माग बांधापासून बंधाऱ्याच्याच नाल्याला गेला.

साहेबांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही कळवलं.

मी म्हणालो, तो माझा विद्यार्थी आहे.

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "काका, बारा तारखेला परवानगी चालू होती. तेव्हाच एक फोन केला असता तर तुम्हीच दुसऱ्या दिवशी..." पुढे बोलल्या नाहीत. गरज नव्हती. हिशोब मला येतो. प्रकाशला वाचवायचं म्हणून मी जे दिवस घालवले ते त्या जनावरानं काढले.

संध्याकाळी प्र. च्या बायकोचा फोन. शिव्या देईल वाटलं होतं. म्हणाली, "गुरुजी, तुमी त्याचे बापासारखे होते." होते म्हणाली.

२० जाने., मंगळ.

सही झाली. एक जनावर, एक माणूस, उद्या संध्याकाळपर्यंत. माणूस मी. ठाण्यातून बंदूक सोडवून मॅडमसोबत बंधाऱ्यावर गेलो. आज हे संपणार, एवढंच डोक्यात होतं.

बंदूक पोत्यातून काढली आणि काठावरच्या बायका उठून मध्ये उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही काही. नुसत्या उभ्या. मग माणसं. सगळ्यात पुढे शेषराव.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. पथक यायला वेळ आहे, जनावर उपाशी मरतंय, ही दया आहे, सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं पोरीनं. शेषरावनं ऐकलं.

"कागद बराबर आसंल मॅडम. पहिलाबी कागद बराबरच व्हता. त्याच्यावर आमीच सह्या केल्या."

मी म्हणालो, "शेषराव, मला ओळखतोस ना तू?"

"वळखतो ना गुरुजी. तुमी चांगले हाव. पर हितं बंदूक वाजली की ह्या बायांना त्यो व्हिडिओच दिसनार. गावात बंदूक नको आता. कोनाचीच."

मागून कुणीतरी म्हणालं, ह्यांना फक्त मारता येतं. आवाज ओळखीचा होता, माझ्याच शाळेतला कुणी असेल. मी बंदूक परत गुंडाळली. मॅडमना फोन आला, त्या बाजूला गेल्या. गर्दी विरळली.

मी आणि शेषराव काठावर बसलो. डुक्कर समोर. आमच्याकडे बघितलं, किंवा आमच्या दिशेला तोंड होतं नुसतं. पाण्यात तोंड घातलं. काढलं. सगळं पाणी गळून गेलं. शेषरावनं उपरणं डोळ्यांवर धरलं. मी नाही. मला आतून सगळं लाकूड झाल्यासारखं आहे, आठवडाभर. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

उठताना तो गाडीपर्यंत आला.

"उद्या बंदूक घेऊन आलाव तर म्या आडवा पडनार गुरुजी. आताच सांगून ठेवतो."

"बरं."

"आन् न्हाई आलाव तर जन्मभर तुमाला माफ करनार न्हाई."

"मग मी काय करू?"

"मला काहून इचारता? लागलेलं जनावर कोनाचं आसतंय ते तुमाला ठावं."

 तो वळून घमेलं भरायला गेला.