ओबिएरोची कोपरखळी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज डायरी. शिवाय रोज सहाला उठणार. आज उठलो नाही, कारण हे साडेनऊला ठरवलं.
दवाखान्यात मीटिंग. युनिव्हर्सिटीची मॅडम आलेली. म्हणाली, शुगरच्या पेशंटला सगळं माहीत असतं, तरी तो तपासायला येत नाही. उपदेश करून उपयोग नाही, कोपराने हळूच ढकलायचं, म्हणजे कोपरखळी मारायची. तीही कॉम्प्युटरमधल्या रेकॉर्डमधूनच. म्हणून डॉक्टर वेरेंच्या स्क्रीनवर आता येतं: 'शुगर तपासण्यात बाकीचे डॉक्टर तुमच्या पुढे आहेत.' खाली रडका चेहरा. चेहरा मी टाकला. डॉक्टर म्हणाले, ओचोला, हा तुझा फोटो आहे का?
पेशंटना मेसेज लिहायचं काम मला. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटलेल्या मला! जमलं तर नोकरी कायम. जमणारच.

५ मार्च
मॅडमचं म्हणणं, दवाखान्याचा मेसेज कोणी वाचत नाही, आपल्या माणसाचा वाचतात. आता माझं डोकं बघा. प्रत्येकाच्या रेकॉर्डमध्ये 'जवळचं माणूस' हा रकाना भरलेला आहेच. मेसेज त्याच नावाने जाणार. नंबर दिसणार नाही, नाव दिसणार. 'तारीख आली. ये. मी वाट बघतोय.' दवाखान्याचं नाव काढून टाकलं. त्याने मजा जाते.
नाही आला तर दुसरा: 'अजून तुझा पत्ता नाही. किती वाट बघू?'
तरी नाही, तर तिसरा: 'पुढच्या शुक्रवारपर्यंत ये, नाहीतर मला कायमचं गमावशील.' गमावायची भीती सगळ्यात भारी, असं मॅडमनेच सांगितलंय.
आमची नर्स, सिस्टर पर्पेटुआ म्हणाली, पाठवायच्या आधी दाखव. दाखवणार होतो. पण जेवणाची सुट्टी झाली.

१० मार्च, सोमवार
मेसेज गेले, आणि तुफान! निम्मी माणसं तारखेच्या आधीच हजर. एक म्हातारा बाकावर बसून नुसता रडत होता. आनंदाने असेल. एक बाई पास्टरला घेऊन आली. पास्टरने माझ्या कॉम्प्युटरवर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. स्क्रीन बंद पडली, मग आपोआप चालू झाली. बाई किंचाळली. मीपण, थोडासा.

१२ मार्च
माझी घरमालकीण रिस्पर मावशी याच दवाखान्याची पेशंट. तिच्यात फारच सुधारणा. गुणगुणते. स्वतःसाठी मक्याच्या पिठाच्या उगालीचा तुकडासुद्धा मोडत नव्हती, आज तळलेल्या माशाची दोन ताटं वाढली. दुसरं मला, असं समजून साफ केलं. ती आतून येऊन रिकाम्या ताटाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, खाल्लं त्याने.
कोणी? विचारणार होतो. तोंडात काटा होता.

१४ मार्च, शुक्रवार
मावशीने पुरुषाचा शर्ट इस्त्री करून दाराला लटकवलाय. बाहेर वारा नाही, तरी बाह्या हलतात. दार उघडंच ठेवते. म्हटलं, मावशी, चोर येईल. म्हणाली, चोराला माझं नाव माहीत नसतं.
मला झोप नीट लागत नाही. चहा जास्त होतोय. उद्यापासून चहा बंद.

१८ मार्च
मावशी घरात नाही. शेजारीण म्हणाली, नवे बूट घालून बोंडोला जाणाऱ्या मटाटूत, त्या खच्चून भरलेल्या व्हॅनमध्ये बसली. गावी गेली असेल, शेतावर. माणसाला बदल हवा असतो.
चहा घेतला.

२० मार्च
पाणी प्यायला माठाजवळ गेलो. शेजारच्या ओल्या मडक्यात, थंड राहावं म्हणून ठेवलेलं, तिचं इन्सुलिन. सगळंच. एकही बाटली नेली नाही.
विसरली असेल. संध्याकाळी येईल.
आली नाही. शर्ट मात्र आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

२१ मार्च, शुक्रवार
आज न येणाऱ्यांना तिसरा मेसेज आपोआप गेला. यादीवर सहज नजर टाकली. रिस्पर. जवळचं माणूस: नवरा, ओबिएरो.
ओबिएरोला पुरून दोन वर्षं झाली. खांदा द्यायला मीपण होतो. जड होता.
'ये. मी वाट बघतोय.' दवाखान्यात ये, असं मी कुठेच लिहिलं नाही. मग ती कुठे जाणार? तो जिथे आहे तिथेच.
इन्सुलिन थंड पाण्याच्या थर्मासमध्ये घातलं. निघालो.

२२ मार्च, शनिवार
गावच्या घराच्या अंगणातच त्याची कबर. शेजारी खुर्ची टाकून मावशी. बुटांत सुजलेले पाय, ओठ सुकलेले. पाण्याचा जग तोंडाला लावून पीत होती. म्हणाली, बरं झालं आलास. काल फार चिडला होता रे, कायमचं गमावशील म्हणाला. मी तर इथेच बसलेय, अजून कुठे येऊ?
मी सरळ सांगून टाकलं: मावशी, ते मी लिहिलंय.
हसली. इतकी, की खोकला आला. तू? समोरच्या टपरीवरच्या पोरीला नाव विचारायला वर्ष लागलं तुला. तू असलं लिहिणार?
म्हटलं, सुई तरी घे. म्हणाली, त्याने सांगितलंय का?
घराच्या मागे गेलो. फोनवरून दवाखान्याच्या सिस्टिममध्ये शिरलो. ऊन फार, स्क्रीन हाताने झाकून लिहिलं. 'सुई घे. मग घरी परत जा. ओबिएरो.'
तिच्या मांडीवर फोन वाजला. वाचलं. डोळे पुसले. सुई टोचून घेतली आणि कबरीला म्हणाली, नुसता हुकूम सोडतोस. बदलला नाहीस.
म्हणजे पद्धत बरोबर आहे. हे मॅडमला कळवायला हवं.

२४ मार्च, सोमवार
सिस्टर पर्पेटुआ. यादी पुढे ठेवून तिने फक्त एवढंच विचारलं: त्या रकान्यातली किती माणसं जिवंत आहेत, बघितलंस?
मेसेज बंद. माझा पासवर्ड बंद. मीपण बंद. डॉक्टर वेरेंनी रडका चेहरा तेवढा काढायला लावला.
हरकत नाही. अशी डोकी नोकरीत कुजतात.

२६ मार्च
सिस्टर स्वतः घरी आली. मावशीला सगळं समजावलं: कॉम्प्युटर, रकाना, मी. मावशीने तिला चहा दिला, पोटभर मंदाझी, तळलेले गोड पाव, खाऊ घातले. गेल्यावर म्हणाली, बाई चांगली आहे, पण नवरा जिवंत आहे तिचा. तिला काय कळणार?
माझ्या फोनवरून पाठवून पाहिलं. 'सुई घे. ओबिएरो.' ती आतून ओरडली, ओचोला, तुझा नंबर आहे हा! मेलेल्या माणसाची थट्टा करतोस?

२८ मार्च, शुक्रवार
सहाला उठलो. झोपलोच नव्हतो.
मावशी दारात बसलेली. एका हातात फोन, एका हातात भरलेली सुई. परवापासून अशीच बसते. म्हटलं, घे ना मावशी, पाया पडतो. म्हणाली, थांब, त्याचं येऊ दे.
दुपार झाली. तिने फोन उलटासुलटा केला, कानाला लावला. मग माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी लहान मुलीसारखा.
म्हणाली, इतके दिवस झाले, एक शब्द नाही. त्याला काही झालं तर नसेल ना रे?
मी म्हटलं, नाही मावशी. नेटवर्क नाही.
तिने सुई मडक्यात ठेवून दिली.