लोणच्याच्या बरणीवरचा गोळा

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
८ जून

आदरणीय साहेबरावमामा,

सविनय जय भीम. मामींनाही सांगावा. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का, मामींची साखर कुठवर उतरली आणि पूर्णेच्या उन्हानं यंदा काय काय केलं, ते सविस्तर कळवावं. इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून मीही लिहून टाकते. ते किती खोटं आहे हे पुढे कळेलच, पण पत्राची सुरुवात अशुभ नको. (शुभ-अशुभ आपण मानत नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. तरी खोडत नाही. खाडाखोड दिसली की तुम्ही घाबराल.)

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणता आणि शेवटी विचारता, "कोन बोलतंय?" शिवाय फोनवर माझा आवाज आपोआप गोड होतो आणि गोड आवाजात मी निम्मं गाळते, हे मी माझ्या रोजनिशीत पूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. म्हणून पत्र. चष्मा लावून, बसून वाचा. उभ्यानं वाचू नका.

आधी वाईट बातमी. बाबांच्या पोटात गाठ आहे. कसली, हे डॉक्टर सांगायला निघाले होते, पण मीच मधे ऑपरेशनची तारीख विचारली. (हा भित्रेपणा होता. तोही नोंदवला आहे.) तारीख अठरा जून, गुरुवार. डॉक्टर म्हणाले, लांबवण्यात अर्थ नाही. बाबा म्हणाले, "गोळा जमा झाल्याबिगर मी टेबलावर चढत नाय." डॉक्टरांना वाटलं, पोटातल्या गोळ्याबद्दल बोलताहेत. ते समजुतीनं म्हणाले, "आजोबा, तो आम्हीच काढणार आहोत." त्यावर बाबा मला म्हणाले, "ह्याला कुणी डॉक्टर केलं?"

बाबा बोलत होते तो गोळा आमच्या स्वयंपाकघरात होता. आई लोणचं घालायची तेव्हा फोडींवर ताटली ठेवून तिच्यावर फडक्यात बांधलेलं एक वजन ठेवायची, ते तुम्ही पाहिलं असेल. आई गेल्यावर यंदा पहिल्यांदाच मी कैरी आणली. माप चुकलं, मोहरी करपली, मीठ दोनदा पडलं, आणि शेवटी वजन ठेवायला गेले तर जुनं फडकं हातातच विरलं. आत लोखंडी गोळा निघाला, क्रिकेटच्या चेंडूएवढा. त्याच्यावर इंग्रजीत निंबोळा स्टेशनची अक्षरं आणि सतरा आकडा कोरलेला. आई दर वर्षी फडकं बदलायची, पण तिच्या लेखी इंग्रजी अक्षरं म्हणजे नक्षी. बाबांनी तिला भंगारातलं वजन म्हणून सांगितलं होतं. मी गोळा घेऊन बाबांपुढे गेले. त्यांनी तो पाहिला, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "दार लाव."

तुम्हाला मी गोळ्याबद्दल सांगावं हे हास्यास्पद आहे. पण त्यांनी मला जसं समजावलं तसं लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. एकेरी रूळ. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, त्यात असे गोळे. एक बाहेर आला की तो पलीकडच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही, आणि ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा त्याचीच गाडी सुटणार. गाडी थांबणार नसली तर ड्रायव्हर वेताच्या रिंगेला बांधलेल्या पिशवीत गोळा घालून ती रिंग खाली टाकतो, आणि पॉइंट्समन हात लांब करून पुढच्या गोळ्याची रिंग त्याला देतो. यात मला सगळ्यांत आवडलं ते हे की, कुणाच्याही शब्दावर काहीच चालत नाही. हातात गोळा आहे की नाही, एवढंच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, निंबोळ्याला न थांबणाऱ्या एक्स्प्रेसमधून रिंग पडली, ती तुमच्या ड्यूटीत. तुम्ही उचलली तर पिशवीचा पट्टा सुटलेला आणि पिशवी रिकामी. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या, दोन दिवस सगळं स्टेशन बाभळी धुंडाळत होतं, चौकशी झाली. तीन वर्षं पगारवाढ बंद, आणि गार्डच्या निवड यादीतून तुमचं नाव गेलं. यादीत तुमच्याखाली बाबांचं नाव होतं, तेही तेव्हा निंबोळ्यालाच पॉइंट्समन. ते गार्ड झाले आणि तुम्ही पॉइंट्समन म्हणूनच रिटायर झालात. बाबांना रेल्वेच्या भरतीचा फॉर्मसुद्धा तुम्हीच आणून दिला होता, हे आई शेवटपर्यंत सांगायची.

तर तो गोळा बाबांना आठ दिवसांनी सापडला. रुळाखालच्या मोरीच्या पाइपात, गाळात. तोवर चौकशीचे कागद वर गेले होते. बाबांना वाटलं, आता नेऊन दिला तर साहेब म्हणतील, मेहुण्या-मेहुण्यांनी मिळून लपवला होता, आणि दोघांचीही नोकरी जाईल. भीतीपोटी त्यांनी तो घरी आणला. उद्या देऊ म्हणता म्हणता अडतीस वर्षं गेली. तुम्ही दर उन्हाळ्यात कौतुक करून दोन बरण्या न्यायचात ते लोणचं त्याच गोळ्याखाली मुरलेलं होतं. हे लिहू की नको, यावर मी दोन दिवस घालवले. पण लोणच्यापुरतं तरी खरं असावं.

बाबांचं म्हणणं असं की, गोळा यंत्राबाहेर आहे म्हणजे सेक्शन, त्या दोन स्टेशनांमधला रूळ, अजून बंद आहे. मी म्हटलं, बाबा, ती मीटरगेज उखडली, ब्रॉडगेज आली, वर विजेच्या तारा आल्या, निंबोळा स्टेशनच राहिलं नाही, आणि रोज इतक्या गाड्या धडधडत जातात. बाबा म्हणाले, "जात असत्याल. कुणाच्या जबाबदारीवर?" खरं सांगायचं तर आठवडाभर प्रत्येक गाडीचा आवाज आला की मला चोरटं वाटायचं.

मी आधी आपल्या मुकुंदवाडी स्टेशनवर गेले. खिडकीत सोनिया नावाची नवी मुलगी आहे, बिडकीनची. गोळा पाहून ती हरखली. म्हणाली, "काकू, फोटोतच बघितला होता मी ह्यो!" तिनं त्याच्याबरोबर स्वतःचाही फोटो काढला. पण जमा करायला खिडकी नाही म्हणाली, तिकीट पाहिजे का. तिचा वेळ घेतला म्हणून मी एक प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. मग काम नसताना प्लॅटफॉर्मवर जाणं बरोबर की तिकीट फुकट घालवणं बरोबर, या विचारात बाकावर अर्धा तास बसले.

मग मोठं स्टेशन. तिथं दारात सामान तपासायचं यंत्र आहे. पिशवी आत गेली आणि पडद्यावर काळा, गरगरीत, भरीव गोळा उमटला. जवान ओरडला, "मॅडम, पीछे हटिए!" मी हटले, माझ्यामागची रांग माझ्यापेक्षा जास्त हटली, आणि एका बाईनं मला बघून तोंडाला पदर लावला. (ग्रंथालयात बावीस वर्षं मी लोकांना "हळू बोला" सांगत आले. आयुष्यात पहिल्यांदाच माझी कुणाला भीती वाटली आणि, लाज वाटते लिहायला, क्षणभर बरं वाटलं.) तेवढ्यात एक म्हातारे हमाल पुढे आले, पिशवीत हात घालून त्यांनी गोळा उचलला आणि म्हणाले, "नक्को डरो साब, ये तो अपना लाइन का गोला है. इसके बगैर इंजन हिलताइच नै था." त्यांनी तो कपाळाला लावला. मग सगळ्यांनाच तो हातात घ्यायचा होता, त्यात पाऊण तास गेला.

आतले अधिकारी सज्जन निघाले. चहा पाजला. म्हणाले, हा निंबोळा स्टेशनचा आहे, आणि निंबोळा नावाचं स्टेशन आमच्या यादीत नाही. जे स्टेशनच नाही त्याची वस्तू कुठल्या खात्यात घेऊ? मी म्हटलं, मग रेल्वेची म्हणून घ्या. ते म्हणाले, रेल्वेची आहे हे लेखी कोण देणार? माझे वडील देतील म्हटल्यावर त्यांनी विचारलं, त्यांच्याकडे कशी आली? तिथं मी उरलेला चहा संपवला. शेवटी ते मायेनं म्हणाले, "ताई, घरी ठेवा. आठवण म्हणून." आठवण म्हणून! मी पिशवी उचलून घरी आले.

बाबा म्हणाले, "तू शिकलेली हाईस, तुझ्यानं व्हनार नाय. मी येतो." गेल्या रविवारी आम्ही मनमाडकडची सकाळची पॅसेंजर धरली. बाबांनी गार्डचा पांढरा पोशाख इस्त्री करून घातला. तो आता त्यांच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. (आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात हे त्यांना एका प्रवाशानं सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग आमी काय तमाशाचे मॅनेजर व्हतो का?" त्यानंतर त्या प्रवाशानं जागा बदलली.) वेताची रिंग कुठून आणायची? माझी भरतकामाची लाकडी रिंग होती, तिला गोळ्याची पिशवी बांधली. दौलताबादचा किल्ला मागे पडला तसे बाबा उठून दारात उभे राहिले. मी त्यांची कंबर धरली. धावत्या गाडीतून वस्तू फेकणं गुन्हा आहे, खाली बकरी असली तर, बकरीमागे माणूस असलं तर, हे सगळं माझ्या मनात होतं. शेजारची बाई मला म्हणत होती, "पोरी, आत घे गं बापाला, येडी हाय का तू?"

निंबोळा आलं. आता तिथं एक लिंबाचं झाड आणि फलाटाच्या दगडी कडेचा तुकडा, बाकी काही नाही. बाबांनी हात बाहेर काढला, रिंग वाऱ्यानं थरथरत होती. फलाटाचा तुकडा आला आणि गेला. रिंग बाबांच्या हातातच.

मी विचारलं, "का नाही टाकला?"

"घ्यायला कुनी हुबं नव्हतं," ते म्हणाले.

मग मनमाडपर्यंत रिंग मांडीवर घेऊन बसले. मी दोनदा केळं विचारलं.

असो. वेळात वेळ काढून इतकं वाचलंत, मी आभारी आहे. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा. मामींना नमस्कार, सुदर्शनच्या मुलांना पापा.

तुमची भाची,
रत्नमाला

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तुम्ही अठरा तारखेच्या आत इकडे येऊ शकाल का? मुकुंदवाडीला थांबणाऱ्या गाडीनं या. बाबा फलाटावर उभे राहतील. तुम्ही फक्त हात पुढे करायचा. त्या दिवशी ड्यूटी तुमची होती, म्हणून गोळा तुमच्याच हातात पडायला हवा, असं ते म्हणतात; त्याशिवाय ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. राग असेल तर तो सोबत घेऊन या, इथं येऊन काढा. त्यांनी जे केलं ते भीतीपोटी केलं, एवढं लक्षात घ्यावं अशी विनंती.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांच्या नकळत पाठवणं मला योग्य वाटेना. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "समदं बराबर हाय. एक सोडून. त्यो आठ दिसांनी नाय सापडला. त्याच दुपारी सापडला व्हता. चौकशीच्या साहेबाची ट्रॉली यायच्या आत." तुम्ही बाभळीत शोधत होता तेव्हा तो त्यांच्या डब्यात होता, भाकरीखाली. मी विचारलं, मग का? ते म्हणाले, "यादीत एकच जागा व्हती." एवढंच.

म्हणजे वर दोन ठिकाणी मी "भीतीपोटी" लिहिलं आहे, ते खोटं ठरलं. मी मिलिंद कॉलेजातून बी.ए. झाले ते गार्डच्या पगारावर, आणि जिथून हे लिहिते आहे ते घरही त्याच पगाराचं. पत्र नव्यानं लिहावं असं दोनदा वाटलं. लिहिलं नाही. काहीही खोडलेलं नाही. तुम्ही वाचत असताना जिथे तुम्हाला बाबांची कीव आली असेल, तिथे ती परत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

गोळा मी बरणीवर परत ठेवलेला नाही. तो बाबांच्या उशाशी आहे. आत्ता त्यांनी पलंगावरून विचारलं, "हे वाचून साहेबराव गाडीत बसंल का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मंग तेच लिव्ह."

तेच लिहिते आहे, मामा. मला माहीत नाही.